श्रावणातली पित्ताची कॅपसूल

कारंज्याच्या त्या मोहल्ल्यात तीस वर्षांत जन्मलेली बहुतेक लेकरं जयवंताबाईंच्या पायांवर न्हालेली. पाट टाकून बसायचं, पाय लांब करायचे, लेकरू पालथं घ्यायचं आणि तेल जिरवता जिरवता महादेवाचं नाव घ्यायचं. पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. हे हातच देवाच्या कामाचे, असं त्या मानत.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलाच्या, चंदनच्या मोटारसायकलला हायवेवर ट्रकचा धक्का लागला. तो महिन्याभरात बरा झाला. धडधड मात्र जयवंताबाईंच्या छातीत राहिली. फोन वाजला तरी हात थरथरायचे. डॉक्टरीणबाईंनी रात्रीची एक गोळी लिहून दिली आणि हळूहळू हात स्थिरावले.

मग श्रावण लागला. महिनाभर दिवस मावळल्यावर एकदाच जेवण. रिकाम्या पोटी घशाशी आंबट येई, म्हणून मेडिकलातून पित्ताची कॅपसूल आणून त्या रोज सकाळी पाण्यासोबत घेऊ लागल्या. कॅपसूल म्हणजे अन्न नव्हे, उपास मोडत नाही. पण चंदनला कळलं तर तो उपासच सोडायला लावेल, म्हणून डबी देवघरात कुंकवाच्या करंड्यामागे.

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या मंजुषाच्या महिन्याभराच्या मुलीला त्या न्हाऊ घालत होत्या. गरम पाण्याची वाफ, तेलकट हात, आणि त्यांचे डोळे मिटले. क्षणभरच. लेकरू पायावरून सरकलं. मंजुषानं झडप घालून धरलं.

"काकू! झोपल्या का व तुमी?"

लेकराला काही झालं नव्हतं, पण जयवंताबाईंचं तोंड पांढरं पडलं. त्या पदरानं हात पुसत उठल्या. "उद्यापासून दुसरी बाई पाहून घे, माय. माहे हात गेले आता."

घरी चंदन म्हणाला, "ते रातची गोळीच बंद कर."

मंजुषानं मात्र दोघांचंही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला आपल्या आईजवळ ठेवून ती त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"या गोळीशिवाय आणखी काही घेता?"

"नाई जी."

"बरोबर सांगा, काकू. माह्या पोरीचा सवाल हाये."

जयवंताबाईंनी मान खाली घातली. "पित्ताची कॅपसूल घेतो. पण ते का औषध हाये जी?"

डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं, मग समजावलं, "पित्ताची सगळीच औषधं असं करत नाहीत. पण या कॅपसूलमुळे तुमची रात्रीची गोळी अंगातून लवकर निघत नाही. रोज थोडी मागे राहते, साचत जाते. म्हणून गुंगी. हात गेले नाहीत तुमचे."

पित्ताचं औषध बदललं. रात्रीची गोळी मनानं बंद करायची नाही, दिवसा पोटात काहीतरी घालायचं, आणि पुन्हा तपासेपर्यंत लेकरू घ्यायचं नाही, असं ठरलं. त्या संध्याकाळी दिवा लावताना त्या पिंडीपुढे म्हणाल्या, "या साली दोन घास दिवसा खाईन, देवा. राग मानजो नको."

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं, तरी त्या मंजुषाच्या दारातच घुटमळल्या.

"काऊन उभ्या राह्यल्या?"

"भेव लागते व."

"मी समोरच बसतो. तुमी बोलत राहा. चूप झाल्या का चिमटा काढीन."

मंजुषानं मुलगी स्वतःच त्यांच्या पायांवर ठेवली. त्या सकाळी, मुलगी कापडात गुंडाळली जाईस्तोवर, जयवंताबाई एकसारख्या बोलत होत्या.