थळच्या दगडांखालचा भुईभुंगेरा

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुटली तेव्हा हवेत अजून गारवा होता. ट्रक, मोटारी, दुचाक्या असं सगळं पोटात घेऊन बोट निवांत चालली होती आणि मी कठड्याला धरून उभी होते. मी नागपूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, आणि तलावाला पलीकडचा काठ असतो. इथे डावीकडे पाहिलं तर डोंगरांची पुसट निळी रेघ होती, उजवीकडे मात्र काहीच नव्हतं. त्या काहीच नसण्याकडे मी बराच वेळ बघत राहिले.

मी वैद्यकीय पुस्तकांसाठी आकृत्या काढते. हृदय, मूत्रपिंड, कानाचा पडदा. आयुष्य त्यातच गेलं. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण कुमुद अलिबागच्या बाजूला प्राणिशास्त्र शिकवायची. आता निवृत्त होऊन तिथेच राहते. तिचा फोन आला, "शोभा, थोडे दिवस तुझे डोळे वापरायला देशील का?" मला वाटलं, थट्टा करतेय.

मांडव्याच्या जेट्टीवर ती मला न्यायला आली होती. मी हात हलवला, पण तिने माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी पाहिलं. जवळ गेल्यावरही तिची नजर माझ्या चेहऱ्यावर ठरेना.

"सरळ पाहिलं की मधोमध धुरकट गोळा दिसतो," रिक्षात बसल्यावर तिने सांगितलं. "कडेकडेचं दिसतं. म्हणून हल्ली मी सगळ्यांकडे तिरपं बघते. लोकांना वाटतं, मी रागावलेय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आहे तेवढं टिकवायचं म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखालचं काम मात्र संपलं."

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. रिक्षा माड-सुपारीच्या वाड्यांमधून (घराभोवतीच्या बागांना इथे वाडी म्हणतात) चालली होती आणि ती प्रत्येक वळणाआधी रिक्षावाल्याला वाट सांगत होती.

तिच्या ओसरीवर जेवायला बसलो. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, जवळ्याचं (जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी) सुकं आणि इथला पांढरा कांदा. हा कांदा तिखट नसतो; मी तो फळासारखा खाल्ला. जेवता जेवता कुमुदने मला का बोलावलं ते सांगितलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी थळच्या खडकाळ किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेलगतच्या एका दगडाखाली तिला एक भुईभुंगेरा दिसला होता. भुईभुंगेरे म्हणजे जमिनीवर धावून शिकार करणारे भुंगेरे. हा तांदळाच्या दाण्याहून लहान, काळपट, अंगावर किंचित हिरवी झाक. तिने आयुष्यभर भुंगेरे पाहिले होते, पण हा तिला ओळखता आला नाही. पुढे आणखी काही सापडले, मात्र सगळ्या माद्या. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरची एक जात जवळजवळ हुबेहूब अशीच दिसते.

"बाहेरून जुळ्यांसारखे असतात ते," ती म्हणाली. "एकच जात की वेगळी, हे नराच्या जननांगाच्या आकारावरून ठरतं. मादी आणि नर कुलूपकिल्लीसारखे. नर सापडला नाही, तर हे सगळं माझं नुसतं म्हणणं. आणि पुढच्या हिवाळ्यात कडेचं तरी किती दिसेल, कोण जाणे."

दुसऱ्या दिवशी सुकती (ओहोटी) लागल्यावर आम्ही थळला गेलो. समोर पाण्यात खांदेरी-उंदेरीचे किल्ले, मागे खताच्या कारखान्याच्या चिमण्या आणि मधे बांबूंच्या वलांडीवर (आडव्या काठ्यांच्या मांडणीवर) वाळत घातलेले बोंबील, जबड्यात जबडा अडकवलेले. वासाने पहिल्यांदा मी नाकाला ओढणी लावली. थोड्या वेळाने तो वास जाणवेनासा झाला.

कुमुदने मला दगड कसा उचलायचा ते शिकवलं: आपल्या बाजूने हळूच वर करायचा, खाली पाहायचं आणि पाहून झालं की होता तसाच ठेवायचा. "त्यांचं घर आहे ते," ती म्हणाली. मी दगड उचलत होते आणि ती शेजारी उभी राहून विचारत होती, "काय आहे?" खेकडा. गोगलगाय. पुन्हा खेकडा. शेवाळलेल्या खडकावर माझा पाय सरकला आणि मी गुडघाभर चिखलात बसले. नागपूरहून आणलेली नवी सलवार कमरेपर्यंत काळी झाली.

बोंबील उलटणाऱ्या एका बाई हसत पुढे आल्या आणि हात देऊन त्यांनी मला उठवलं. त्यांचं नाव हिराबाई. मासळी सुकवायची त्यांची जागा तिथेच होती.

"काय शोधताव, बाय?"

"किडा," मी म्हटलं.

"किडा? नि त्यापाई इतक्या लांबून आलाव?" मग त्या कुमुदकडे वळल्या. "बाई, या तुमच्या किड्यापाई आमची जागा बंद करतील का? कासवांपाई किनारा बंद केला, असं सांगत होते कोन कोन. मासली वालवाला आमाला दुसरी जागा न्हाय."

कुमुद त्यांच्याजवळ गेली. "बंद करतील की नाही, ते माझ्या हातात नाही, हिराबाई," ती म्हणाली. "पण मी खरं तेच लिहिणार. तुमची मासळी इथे वाळते आणि हा किडा इथेच राहतो. तुमच्यामुळे त्याचं काही बिघडल्याचं मला दिसलेलं नाही. हेही लिहीन."

"ल्ह्या मंग तसं," हिराबाई म्हणाल्या आणि कामाकडे परतल्या. त्यांचं समाधान झालं नव्हतं, ते दिसतच होतं.

पाणी परत चढू लागलं तेव्हा आमच्या हाती काहीच नव्हतं. त्यानंतरचे दोन दिवसही तसेच गेले. कुमुद बोलायची कमी झाली. शेवटी एका सकाळी वाळूत अर्धवट रुतलेला चपटा दगड मी वर केला आणि खालून चमकदार काळा ठिपका सुसाट धावला. मी ओरडले नाही. छोटी काचनळी त्याच्या वाटेत आडवी धरली आणि तो स्वतःहून आत शिरला. मी भिंग लावलं.

"पुढचे पाय बघ," कुमुद म्हणाली. "पंजाचे पहिले सांधे कसे आहेत? बारीक, की रुंद?"

"रुंद. पानासारखे."

तिने माझा दंड घट्ट धरला. "नर आहे. मादीला धरून ठेवायला त्याच्या पंजाखाली चिकट केस असतात."

घरी ओसरीच्या टोकाला, उजेडात, तिचा जुना सूक्ष्मदर्शक मांडला होता. मद्यार्कात ठेवलेला भुंगेरा मी भिंगाखाली घेतला, फोकस फिरवला आणि हात तसाच थांबला. मी माणसाचं शरीर हजारदा काढलं आहे. हे तसं काहीच नव्हतं. काळा म्हणून पाहिलेला तो जीव काळा नव्हताच. त्याच्या पाठीवर काशाच्या भांड्यासारखा हिरवा-तांबूस उजेड हलत होता.

"सांग," शेजारच्या खुर्चीतून कुमुद म्हणाली. "डोक्यापासून."

मी सांगू लागले. जबडे कोयत्यासारखे, एकमेकांवर आलेले. मिशांना अकरा मणी; पहिले काही गुळगुळीत, पुढचे सगळे मखमली. डोळ्याच्या वर दोन लांब केस. मानेच्या मागची ढाल खाली निमुळती होत गेलेली, बदामासारखी. पाठीवरच्या पंखकवचांवर उभ्या चऱ्या आणि प्रत्येक चरीत सुईने टोचल्यासारखे ठिपके. ती मधेच थांबवायची: "ठिपके टोकापर्यंत जातात, की आधीच विरतात?" मी पुन्हा पाहून सांगायचे.

"पुढच्या पायाच्या नडगीत खाच दिसते का? आतल्या बाजूला?"

दिसली. खाचेत केसांची बारीक रांग होती.

"फणी आहे ती," कुमुद म्हणाली. "मिशी त्या खाचेतून ओढून विंचरतो तो. मिशीवर वाळूचा कण बसला तर त्याला जग कळेनासं होतं."

मी भिंगावरून डोळे उचलले. ज्याला चालताना मी पाहिलंही नसतं, त्याच्या पायात त्याची स्वतःची फणी होती.

मग तिने मला सुईने पंखकवच उचलायला सांगितलं. ते उघडेना. दोन्ही कवचं मधल्या शिवणीवर एकजीव झाली होती. अगदी हळू फट पाडली, तर खाली पंखांच्या जागी फक्त दोन पारदर्शक खुंट होते.

"म्हणजे उडत नाही," कुमुद पुटपुटली. "भरती येते तेव्हा दगडाखाली हवा अडकते ना, तिथेच बसून राहत असणार. हा किनारा सोडून त्याला कुठे जाता यायचं नाही."

शेवटचा अवयव उरला. शरीर कोमट पाण्यात मऊ करून, पोटाच्या टोकातून, वाकवलेल्या सुईने तो बाहेर काढायचा होता. नर एकच होता. सुई घसरली असती तर सगळं संपलं असतं. मी सुई हळूच ओढली. सोनेरी, काचेसारखी एक बारीक नळी सुटून ग्लिसरीनच्या थेंबात आली.

"दक्षिणेकडच्या जातीत टोक गळासारखं वळलेलं असतं," कुमुद म्हणाली. तिचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "घाई करू नकोस. नीट बघून सांग."

मी पाहिलं. नळी कुशीवर वळवून पुन्हा पाहिलं.

"वळलेलं नाही, कुमुद. सरळ आहे. टोकाला पसरट, पळीसारखं. आणि पळीच्या एका कडेला छोटा दात आहे."

"म्हणजे वेगळीच जात," ती म्हणाली. बाहेर कुणीतरी माडाच्या झावळ्या ओढत नेत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "मला बघायचंय."

भिंगातून ते शक्य नव्हतं. मी मोठा कागद घेतला, जाड काळी शाई घेतली आणि ती नळी हातभर लांब काढली. दाताला दाट काळं केलं. कागद भिंतीला लावला. कुमुद त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने मान वळवून बाजूच्या खिडकीकडे पाहिलं. कागदाकडे पाठ फिरवल्यासारखी ती उभी होती, पण ती पाहत होती. नजरेच्या कडेने, बारकाईने, खालून वर.

"इतका सुंदर आहे होय," ती म्हणाली.

परतीच्या बोटीत एक जोडपं भेटलं. माझ्या चित्रांची गुंडाळी पाहून बाईंनी विचारलं, काय काढलंत? मी पायाचं चित्र उलगडून दाखवलं आणि हा तांदळाच्या दाण्याहून लहान भुंगेऱ्याचा पाय आहे, असं सांगितलं. त्या फणीवरून बोट फिरवत राहिल्या. "नि हे एवढ्याशा जिवाच्या अंगात मावतं?" त्यांनी विचारलं. मावतं, मी म्हटलं. मग आम्ही तिघंही मागे पडत जाणाऱ्या किनाऱ्याकडे पाहत बसलो.

नागपुरात आल्यावर अर्धवट राहिलेलं काम पुढे घेतलं. कानाच्या आतला शंख, ऐकण्याची ती वेटोळी नळी, काढायचा होता. या आकृत्या मी नमुना समोर ठेवून, न बघितल्यासारख्या काढत आले आहे. या वेळी दुसऱ्या वेढ्यापाशी लेखणी थांबली. हा शंखही कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा पाहिला असेल. त्या माणसाला त्याचं नाव माहीत नसेल, कारण नाव नव्हतंच. तो दचकला असेल, पुन्हा वाकला असेल आणि शेजारी बसलेल्या कुणाला तरी हलक्या आवाजात सांगू लागला असेल: इथे एक वळण आहे, मग आणखी एक, आणि ते आत जातंय.