डेटाबेस बंद, वेबसाइट चालू

ग्रंथालयातली नोकरी सोडून व्हर्ना थोलबर्गने पंचावन्नाव्या वर्षी अमेरिकेत मोंटानातल्या एका छोट्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, वेबसाइट हातात घेतली. वणवा पेटला की लोक तिथेच बघायचे: कुठला रस्ता चालू आहे, कुणाच्या तबेल्यात जनावरांना जागा आहे. पण ही सगळी माहिती साठवणारा डेटाबेस बंद पडला की पान कोरं! व्हर्नाला ते बघवेना. हिवाळाभर खपून तिने सोय केली. दर पाच मिनिटांनी पानाची प्रत दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर जायची, डेटाबेस गेला तर लोकांना तीच दिसायची, आणि लोकांच्या नव्या नोंदी, तबेल्याची मागणी वगैरे, एका फाइलमध्ये थांबून राहायच्या.

"आग नाही, धूर नाही, आणि बाई बादल्या भरत बसल्यात!" तिचा साहेब ड्वेन हसायचा.

ऑगस्टमध्ये एका दुपारी वणवा डोंगर उतरला. कचेरीची वीज गेली आणि तळघरातला डेटाबेस थंड पडला. ड्वेन धापा टाकत वर आला. "व्हर्ना, वेबसाइट मेली गं!"

"मेली कुठे? फोनवर बघ."

पान झटक्यात उघडत होतं! वर पिवळी पट्टी: 'ही माहिती दोन वाजून दहा मिनिटांची आहे. नवी नोंद पाठवा, आम्ही जपून ठेवू.' नोंदी येतही होत्या. व्हर्ना आनंदाने खुर्चीतच उडाली.

तेवढ्यात अग्निशमन दलाच्या वायरलेसवर खबर आली, पाइन खिंडीचा रस्ता पेटला. पानावर मात्र तो 'चालू' होता. जुनी माहिती जीव घेऊ शकते, हे तिला सुचलंच नव्हतं.

"आता?" ड्वेनने विचारलं.

"आता हाताने!" फोनच्या इंटरनेटवर लॅपटॉप जोडून तिने ती प्रतच उघडली आणि ठळक लाल अक्षरांत लिहिलं: पाइन खिंड बंद. मग ड्वेन वायरलेस ऐकून ओरडायचा, ती लिहायची. दोन तास दोघांनी पाण्याचा घोट घेतला नाही.

चारच्या सुमारास मार्लिस नावाच्या घोडेवालीचा फोन आला. "अकरा घोडे घेऊन खिंडीच्या तोंडाशी होते. लाल अक्षरं दिसली नि ट्रेलर वळवला. कोण लिहितंय तिकडे?"

"मीच," व्हर्ना म्हणाली. आणि ती पुन्हा लिहायला वळली.

संध्याकाळी वीज आली. थांबलेल्या त्रेचाळीस नोंदी एकामागून एक डेटाबेसमध्ये गेल्या. डेटाबेस बंद असताना नोंदी ताडल्या न गेल्याने एकच तबेला दोघांना दिला गेला होता, तेवढं तिने फोन करून निस्तरलं.