श्रीरंजनीची स्कूटर सोलापूरला निघाली

मद्रासच्या कडेला आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या आमच्या गल्लीत श्रीरंजनीला सगळे ओळखतात ते तिच्या हॉर्नमुळे. ती कोपऱ्यावर वळायच्या आधी तिचा हॉर्न वळतो. निळी स्कूटर, मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक, आणि वर ही पाच फुटांची महाराणी. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला. काठी घेऊन घरातल्या घरात चालते, पण एकदा स्कूटरवर बसली की कुणाच्या बापाला ऐकत नाही. स्वतःच्या तर नाहीच नाही.

विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. वय एकतीस. मला तोंडावर सांगते, "मावशी, तुमचं सांबार म्हणजे आमटीच हो, नुसती टोपी घातलेली." पंचवीस वर्षं झाली मला मद्रासमध्ये, आणि ही मला सांबार शिकवते!

तिचे वडील वेंकटराव आणि माझे मिस्टर एकाच फॅक्टरीत होते. ही मंडळी तंजावरची. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या चालीवर झुलणारी. वेंकटराव म्हणजे देवमाणूस, पण काळजीचं दुकान. ऊन असलं तरी छत्री, ढग असले तर दोन. दोन वर्षांपूर्वी पोरीला प्रमोशन आलं होतं, बाहेरगावी जावं लागणार होतं. "पाय असा, परगाव, कोण बघेल?" म्हणत त्यांनी जेवण सोडलं, आणि हिनं प्रमोशन. आठवडाभर गल्लीत हॉर्न वाजला नाही. मला तर ते फार लागलं.

या वर्षी पुन्हा पत्र आलं. गाव सोलापूर. सोमवारी हजर व्हायचं. या वेळी नाही म्हटलं तर पुढची कित्येक वर्षं विचारणार नाहीत. वेंकटरावांनी परत तोंड पाडलं, पण पोरगी शहाणी झाली होती. म्हणाली, "अप्पा, पैज. मला सोडायला सोलापूरला चला. पहिल्या दिवशी मी माझ्या गाडीवर, एकटी ऑफिसला गेले, तर तुम्ही आवडीला परत यायचं. दुसऱ्या कुणी मला पोचवावं लागलं, तर मी तुमच्याबरोबर परत."

"सरि," म्हणाले ते. बरं, असं. गाडी काही वेळेवर पोचत नाही, असं त्यांच्या मनात असणार. मी ओळखते ना.

मग गाडी पाठवायची कशी? रेल्वेचे पार्सलवाले म्हणाले, बाजूची चाकं काढून आणा. ती काढली की परत नीट बसवायला इथला एकच मेकॅनिक, तो काय सोलापूरला येणार? म्हणून आम्ही गाड्या नेणारी ट्रान्सपोर्ट कंपनी शोधायला बसलो. आम्ही म्हणजे फोनवर मी, शेजारी ती, चिमटे काढत. एकाला चार चाकं सांगितली तर तो कारचा दर बोलला. दुसरा म्हणाला, चार दिवसांत नक्की, पण लिहून देईना. तिसऱ्यानं आधी गाडीचा व्हिडिओ मागितला, चाकांची रुंदी विचारली आणि म्हणाला, "सहा दिवस लागतील मा, पाच नाही सांगणार." श्रीरंजनी म्हणाली, "हाच. खोटं बोलायचं असतं तर पाच म्हणाला असता."

त्यानं नियमही पाठवले. गाडीत सामान ठेवायचं नाही. टाकीत पेट्रोल जेमतेम, चढवण्या-उतरवण्यापुरतं. श्रीरंजनीनं ते वाचून फ्रीजवर चिकटवले. आता तिच्या घरी चष्मा न लावता फ्रीज उघडणारी दोन माणसं आहेत, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी कंपनीचा तोच फोनवरचा माणूस, कार्तिकेय, आला, छोटा टेम्पो घेऊन. इथं त्या टेम्पोला कुट्टी यानै म्हणतात, हत्तीचं पिल्लू. पिल्लानं गाडी पुनमल्लीच्या बायपासला न्यायची, तिथं मोठा ट्रक उभा, तो बारा वाजता सुटणार. कार्तिकेयनं चारी बाजूंनी फोटो काढले, ओरखडे लिहून घेतले आणि डिकी उघडली.

आतून कॉफीचा वास आला. कॉफी पावडर, सांडग्या मिरच्या, चिंच, मुरुक्कूची, म्हणजे इकडच्या चकलीची, पिशवी, वर हळदीकुंकू लावलेला नारळ.

"अम्मा!" श्रीरंजनी ओरडली.

तिची आई कृष्णवेणी दारातून म्हणाली, "तिकडं चांगली कॉफी मिळत नाही म्हणून."

"सामान काढता येईल," कार्तिकेय म्हणाला. त्यानं किल्ली फिरवली, काट्याकडं बघितलं आणि हात जोडले. "पण हे मला चालणार नाही मा. टाकी फुल्ल आहे. ट्रकवर आठ गाड्या उभ्या राहणार. ड्रायव्हर घेणारच नाही."

सगळ्यांनी वेंकटरावांकडं बघितलं. ते पहाटे फिरायला म्हणून स्कूटर घेऊन गेले होते ना!

माझं तोंड काही थांबत नाही. "मुद्दाम केलंत होय हो? पैज जिंकायला?"

त्यांचा चेहरा असा झाला की मला माझीच लाज वाटली. "नाही हो अक्का. पोरीची गाडी परगावी चालली. आमच्यात कुणाकडं भांडं परत धाडलं तरी चिमूटभर साखर घालून धाडतात. तिला रिकाम्या पोटी कशी धाडू? अस्कं भरून धाडावं वाटलं." अस्कं म्हणजे सगळं. सगळं म्हणजे गळ्यापर्यंत.

श्रीरंजनीनं बापाकडं बघितलं. रागावेल वाटलं, तर हसली. मग कार्तिकेयला विचारलं, "हा ट्रक चुकला तर पुढचा कधी?"

"पुढच्या गुरुवारी."

"किती वेळ थांबाल?"

"वीस मिनिटं. गाडी पुनमल्लीला अकराच्या आत लागते."

मेकॅनिकचं दुकान दहाशिवाय उघडत नाही. बाई स्कूटरवर चढली, आणि हॉर्न. असा हॉर्न की ऑटोस्टँडवरची माणसं कप हातात घेऊन धावत आली. "अण्णा, नळी आहे का? हातानं दाबायची? आणि ज्यांना पेट्रोल हवंय त्यांनी इंजिन बंद करून एकेक गाडी आणा. विड्या तिकडंच ठेवा!"

आवडीत फुकट पेट्रोल! पाच मिनिटांत त्यांच्या फाटकाशी सहा मोटारसायकली. वेंकटराव स्वतः नळी धरून बसले, थेंब सांडू दिला नाही. फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली, हात अजून सरळ. समोरच्या घरातली सुष्मिता टीचर हिच्या हॉर्नची रोज तक्रार करायची. तीही आपली गाडी ढकलत आली. श्रीरंजनी म्हणाली, "या टीचर, हॉर्नचा त्रास तेवढा वळता करून घ्या." टीचर लाजली, पण टाकीचं झाकण उघडलंच.

काटा तळाला आला. कार्तिकेयनं परत फोटो काढला. बाजूच्या चाकांना पट्टे कुठं बांधायचे ते हिनं बोट दाखवून सांगितलं, आणि तो मुकाट्यानं तसं बांधत गेला. पिल्लू धूर सोडत निघालं. वेंकटराव कोपऱ्यापर्यंत चालत गेले मागून.

ती दोघं, बापलेक, शुक्रवारी रेल्वेनं निघाली. तिथून पुढं माझा फोन गरमच. कार्तिकेय रोज कळवायचा: ट्रक बेंगळुरूला, मग हुबळीला. रविवारी विजापूरजवळ ट्रकचं टायर गेलं. रविवारची संध्याकाळ आली, गाडी नाही.

वेंकटराव फोनवर म्हणाले, "अक्का, पोरगी जेवली नाही. मी जिंकतोय, आणि मला ते नको वाटतंय." मग हळूच, "तुम्ही त्या माणसाला फोन करा ना."

केला. सोडते होय मी? कार्तिकेयला म्हटलं, "तू सहा दिवस म्हणालास म्हणून तुला निवडलं." तो म्हणाला, "सकाळी आठला ट्रक सोलापूरच्या बायपासला असेल मा. घरपोच द्यायला दुपार होईल. पण मॅडम तिथं आल्या तर ड्रायव्हर सगळ्यात आधी त्यांची गाडी उतरवेल. मी बोलतो त्याच्याशी."

सोमवारी सकाळी बापलेक रिक्षानं बायपासला. ट्रक साडेआठला आला. तिनं मोबाइलमधले फोटो धरून एकेक चाक तपासलं. डाव्या आरशाला तडा होता, तो कागदावर लिहायला लावला, मगच सही केली. टाकीच्या तळाशी होतं तेवढं पेट्रोल ऑफिसपर्यंत पुरणारं होतं. वेंकटरावांनी न सांगता तिची काठी स्कूटरला अडकवली.

"मी मागं बसू?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बसलात तर एकटी कशी, अप्पा?"

मग ते रिक्षात बसले आणि त्यांनी मला फोन लावला. सगळं मला त्यांच्या तोंडून, रिक्षाच्या खडखडाटातून ऐकू येत होतं. "अक्का, पुढं आहे ती. उजवीकडं वळली. अहो, काय पळवते! मध्ये बस आली. दिसली, दिसली परत." मग रिक्षावाल्याला तमिळमध्ये, "वेगमा पो पा!" तो बिचारा सोलापूरचा, त्याला काय कळणार. मी इथून ओरडले, "मराठी बोला हो, मराठी!"

"जोरात चला म्हणून सांगतोय," ते त्याला म्हणाले.

तो म्हणाला, "काका, सिग्नल लागलाय. ती ताई गेली की पुढं."

वेंकटराव परत फोनवर आले.

"अक्का," ते म्हणाले, "आज रात्रीची आवडीची गाडी कितीला आहे, तेवढं बघून सांगता?"