खारपाणातली विहीर

आम्ही वस्तीतली जुनी माणसं एकत्र बसलो की आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग विहीर निघते. त्या एका विहिरीचे किस्से इतके साचलेत, की एकानं सुरू केला की दुसरा म्हणतो, "थांब बे, तुले नीट सांगता येत नाही!" म्हणून मीच सांगतो.

अकोल्याकडून पूर्णा नदीच्या अंगानं गेलं की खारपाण पट्टा लागतो. जमीन काळीभोर, पाणी मात्र मिठासारखं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या ख्रिस्ती वस्तीत लेकरांची पोटं सारखी बिघडायची. गोड पाणी दूरच्या गावाहून बायांच्या डोक्यावर यायचं. अमरावतीहून नवे पाद्रीसाहेब आले आणि म्हणाले, "आपणच विहीर खणू. देव खडकातूनही पाणी काढतो!"

आमचा याकूब गवंडी म्हणाला, "खडकातून काढते हो साहेब, पण इथं तं निरी काळी माती हाय. खडक कुठून आणू?"

*

पहिल्या विहिरीला पाणी लागलं. खारं! पाद्रीसाहेबांनी तरी हात जोडून आभार मानले. 'आमेन' म्हणायला कोणाचं तोंड उघडेना.

शेवटी याकूबची बायको मार्थाबाई म्हणाली, "आमेन. भाजीचं मीठ वाचलं!"

*

दुसरी विहीर नाल्याकाठी धरली. पण काळी माती ती, कड केव्हा ढासळेल याचा नेम नाही. याकूब खाली, आम्ही वर दोरावर. आमच्यातला सॅमसन नावापुरताच बायबलातला पैलवान, अंगानं काडी! भीती घालवायला तो सारखा गीत म्हणायचा. याकूबलाही तेवढाच आधार. गाणं चालू, म्हणजे दोर धरलेला.

एकदा गाणं मध्येच बंद!

"काहून थांबला बे?" याकूब खालून ओरडला.

"पुढचं कडवं आठवून नाही राहिलं!"

"मंग पयलंच म्हण! देवाले चालते!"

*

एका दुपारी कड ढासळलीच. याकूब छातीपर्यंत मातीत. वरून आणखी माती सुटत होती. पाद्रीसाहेबांनी झगा काढून फेकला आणि दोर कमरेला बांधला. माणूस वजनदार, दोर जुना.

"साहेब, तुटन हो!" मी म्हणालो.

"मग दोघांसाठी प्रार्थना करा," म्हणाले, आणि उतरले.

खाली ते दोन्ही हातांनी माती उपसायला लागले. तोंडानं मोठ्यानं प्रार्थना, डोळे गच्च मिटलेले. याकूबला श्वास पुरत नव्हता, तरी तो म्हणालाच, "साहेब, डोळे उघडे ठेवून करा ना प्रार्थना! माती माह्या तोंडात टाकून राहिले तुमी!"

*

याकूब वाचला. अकोल्याच्या दवाखान्यातून पायाला प्लास्टर घालून परतला. आता खाली कोण उतरणार? माझी पाळी होती, पण पाय उचलेना.

मार्थाबाई पदर खोचून दोराशी येऊन उभी राहिली. "माह्या माणसाचा दोर तुमी धरला. आता तुमचा मी धरते. उतरा!"

मी उतरलो. देवावरचा विश्वास जास्त होता की मार्थाबाईची भीती, ते अजून ठरलेलं नाही! पण दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या सगळ्या बाया दोरावर आल्या. बाप्यांनी कडांना बाभळीच्या फळ्यांचा टेकू दिला.

*

आणि एका सकाळी माझ्या पायाखाली ओल लागली. बघता बघता घोटे बुडाले. पण चाखायची हिंमत मला होईना. मी बादली भरली आणि वर पाठवली.

मी वर आलो तेव्हा सगळी वस्ती बादलीभोवती उभी. हात कोणी लावेना. हेही खारं निघालं तर?

"मार्थाबाई, तुम्ही आधी," पाद्रीसाहेब म्हणाले.

याकूबनं बाजेवर बसल्या बसल्या तांब्या भरून दिला. तिनं एक घोट घेतला आणि तशीच थांबली.

"काय झालं? खारं हाय का?" याकूबनं विचारलं. "बोल ना वं!"

"समजूनच नाही राहिलं," ती म्हणाली. "डोळ्याचं पाणी चाललं तोंडात. थांबा, पुन्हा पिते."

तिनं पदरानं तोंड पुसलं, तांब्या पुन्हा लावला, आणि मध्ये कुठंही न थांबता रिकामा करून याकूबपुढं धरला.

"आणखी दे!"