खोटा टॉवर आणि इंद्रायणीचं पोतं

दरवर्षी भाताची झोडणी उरकली की पवनेच्या बाजूच्या गावाहून माझी थोरली बहीण आम्हाला इंद्रायणी तांदळाचं एक पोतं पाठवते. तळेगावात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो थांबतो, वॉचमन खालून ओरडतो आणि दुपारपर्यंत जिन्यात नव्या तांदळाचा वास सुटतो. लग्न होऊन ताई त्या गावी गेली त्याला पन्नास वर्षं होत आली, पण पोतं एकदाही चुकलं नव्हतं. भात पाण्यात कुजला त्या सालीसुद्धा तिने अर्धं पोतं पाठवलं आणि वर निरोप दिला, की उरलेलं अर्धं पुढच्या वर्षी. या वर्षी मात्र जानेवारी उजाडला तरी पोत्याचा पत्ता नव्हता.

ते का आलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. दिवाळीपासून ताई माझ्याशी बोलत नव्हती.

झालं होतं असं. ताईच्या नातीला वडगावचं स्थळ सांगून आलं. ताई मुलाचं घर बघून आली आणि तिने मला फोन केला. "आरं, पोरगा लय गुनाचा हाय. घरदार बी चांगलं हाय. पर त्याच्या आईची पुरनपोळी! चपलंला तळ लावावा आशी. कुनाला बोलू नगंस हां." मी कोणालाही बोललो नाही. बायकोला सांगितलं, पण बायकोला सांगणं हे काही सांगण्यात धरत नाहीत. माझ्या वयाच्या कुठल्याही नवऱ्याला विचारा.

आठ दिवसांत त्या बाईंचा ताईला निरोप आला: चपलेला तळ लावायचा असेल तर पायाचं माप पाठवा.

बोलणी थांबली. ताईचा मला एकच फोन आला. "म्या तुला एकट्यालाच सांगितलतं," एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर तिकडून एक शब्द नाही, आणि दाणाभर तांदूळ नाही.

मला राग आला. मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस. त्या काळी तारा एकमेकींत अडकल्या की कोणाचंही बोलणं कोणाच्याही कानावर पडायचं. अर्ध्या तालुक्यातल्या सोयरिकी, भांडणं आणि पथ्यपाणी मी या कानांनी ऐकलं आहे आणि त्यातलं काहीही बाहेर जाऊ दिलेलं नाही. अशा माणसावर संशय? मी सांगितलं नव्हतं आणि ताईनेही सांगितलं नव्हतं. याचा अर्थ उघड होता. मधल्या वाटेत कोणीतरी ऐकलं होतं.

मग मी मोबाइलवर वाचायला बसलो आणि दोन दिवसांत मला खोटे टॉवर सापडले. म्हणजे त्यांची माहिती सापडली. खोटा टॉवर म्हणजे एक पेटी असते. ती गाडीतही मावते. ती आसपासच्या फोनांना सांगते, की मीच टॉवर, आणि तेही सगळ्यात जवळचा. फोन भोळा, तो तिला जाऊन चिकटतो. त्यातून ती पेटी फोनला चार-जीवरून टू-जीवर उतरवते, कारण जुन्या पद्धतीत टॉवर फोनला विचारतो, तू कोण, पण फोन काही उलटून टॉवरला विचारत नाही, बाबा, तू कोण. माझ्या मावससासूबाई दारावरच्या विक्रेत्याला अशाच आत घ्यायच्या.

पेटी ओळखायच्या खुणाही दिल्या होत्या. फोन अचानक टू-जीवर येतो. रेंज एकदम भरभक्कम दिसते. आणि प्रत्येक टॉवरला स्वतःचा एक नंबर असतो, तिथे कधीच न पाहिलेला नंबर येतो. हे नंबर दाखवणारं एक ॲप मी उतरवून घेतलं आणि दोनशे पानी वही आणली. बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा वन्संना सरळ फोन करा ना."

"आणि सांगू काय? पुरावा नको?"

"पुराव्याने काय होणारे? चहा घेता का?"

त्या दिवसांत ती मला फार चहा देत होती. टॉवरचा विषय निघाला की आधण चढायचंच. मी समजलो, थंडी आहे.

पंधरा दिवसांत तळेगाव, वडगाव आणि कामशेत इथले सगळे नंबर वहीत उतरले. एका शनिवारी बायकोला स्कूटरवर मागे बसवून मी कामशेतच्या चौकात उभा होतो. फोन चार-जीवरून धाडकन टू-जीवर आला. रेंजच्या सगळ्या कांड्या भरल्या. वहीत नसलेला नंबर आला. आणि त्याच क्षणी समोरून एक पांढरी व्हॅन गेली. तिच्या टपावर आडवा लोखंडी दांडा आणि त्याच्या शेजारी डोंगराकडे तोंड केलेली एक मोठी चकचकीत तबकडी.

"सापडला," मी म्हणालो. बायको म्हणाली, "अगं बाई." त्यात आनंद नव्हता, पण पाठलागाच्या भरात माझ्या ते ध्यानात आलं नाही.

जुन्या रस्त्याने आम्ही व्हॅनच्या मागे लागलो. कार्ल्याचा फाटा गेला, वलवण गेलं, आणि लोणावळा आलं. दर दोन-तीन मिनिटांनी फोनवर नवा नंबर येत होता. एकही वहीत नव्हता! मी चालवता चालवता आकडे ओरडत होतो आणि बायको मागे बसून लिहीत होती. धरणाच्या वाटेवर पोचेपर्यंत सतरा खोटे टॉवर झाले.

"म्हणजे लोणावळ्यात खरा टॉवर एकही नाही?" तिने विचारलं.

"तेच तर!"

"आणि लोणावळ्याचे खरे नंबर आपण वहीत घेतले होते का?"

घेतले नव्हते. लोणावळ्याला आपण कशाला जातो? तिथे पाहुणे आल्याशिवाय तळेगावचा माणूस पाय ठेवत नाही. पण हे मी तिला बोललो नाही, कारण व्हॅन थांबली होती.

वाहनतळाच्या कडेला ती उभी राहिली. आतून एक जाडसर गृहस्थ उतरले. मी वही काखेत मारून पुढे गेलो आणि एक्स्चेंजमधला जुना आवाज काढला. "परवाना दाखवा."

माणूस पांढराफटक पडला. "साहेब, अर्ज टाकलाय. परवाच टाकलाय."

"किती दिवस चाललंय हे?"

"दोनच सीझन, साहेब. आपण आधी बसा तरी."

"कोणाकोणाचं घेतलंत आतापर्यंत?"

"कामशेतच्या बाजारातूनच घेतो, साहेब. ताजा माल असतो."

ताजा माल! माझ्या बहिणीचं पुरणपोळीवरचं बोलणं हा यांचा ताजा माल! मी त्याला बाजूला सारून व्हॅनचं मागचं दार उघडलं. आत मक्याची कणसं होती. कोळशाची शेगडी, लिंबं, तिखटमीठ आणि एक झोपलेलं मांजर. टपावरचा दांडा मोठ्या छत्रीचा होता आणि तबकडी म्हणजे उकडलेली कणसं झाकायची परात.

तो मला नगरपालिकेचा माणूस समजला होता. मी परोपरीने सांगूनही त्याचा विश्वास बसला नाही आणि त्याने आम्हाला चार कणसं भाजून फुकट दिली. मी ती खाल्ली, कारण नाही म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं मला आणखी काही हवंय. फोन टू-जीवर का उतरला होता ते मला आजही कळलेलं नाही. डोंगर जवळ आला की तो तसाच उतरतो, असं लोक म्हणतात. परतताना बायको दोनदा "अहो, ऐका ना," म्हणाली. मी म्हटलं, आता शेवटची जागा उरली, ताईचं गाव.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच तिथे गेलो. मला दारात बघून ताई म्हणाली, "आलास? पानी पी," आणि आत निघून गेली. म्हणजे पाहुणा म्हणून चालत होतो, भाऊ म्हणून नव्हे. मी म्हटलं, "ताई, तू फोन कुठून करतेस ते फक्त दाखव. तुझं बोलणं चोरणारा मी शोधून देतो."

ती मला गावाच्या पारावर घेऊन गेली. जांभळाचं मोठं झाड, भोवती दगडी कट्टा, आणि खोडात, कट्ट्यावर चढलं तरच हात पोचेल इतक्या उंचीवर ठोकलेला एक लांब खिळा. गावात रेंज फक्त त्या खिळ्यापाशी येते. दोन डोंगरांमधल्या फटीतून येते म्हणे. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवी खिळ्याला अडकवायची, स्पीकर सुरू करायचा आणि खाली उभं राहून बोलायचं. फोन वर, माणूस खाली, म्हणून ओरडूनच बोलावं लागतं. कट्ट्यावर तीन म्हाताऱ्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

मी ताईकडे बघितलं. "तू इथून बोललीस? पुरणपोळीचं?"

"मग कुठनं बोलनार?"

"आणि या सगळ्या इथेच होत्या?"

तिघींतली वडीलधारी मावशी दुखावली. "व्हतो की. पर कुनाचा फोन लागला की आमी पाट करून बसतो, भाऊ. ह्यो आमच्या गावचा नेम हाय. पाट केल्याव कसं ऐकू यील?"

आणि तिघींनी मला करून दाखवलं. खरोखर तिघी गर्रकन वळल्या आणि डोंगराकडे तोंड करून बसल्या.

माझा आनंद गगनात मावेना. यंत्र नको, वही नको, पेटी नको! अख्ख्या गावाचं बोलणं उघड्यावर पडत होतं आणि ताई मला गुन्हेगार ठरवून बसली होती. तिच्या तोंडावरही शंका दिसायला लागली होती. आणखी एक धक्का दिला की ती मानणार आणि पोतं तळेगावच्या वाटेला लागणार. साक्षीला बायको असावी, म्हणून मी कट्ट्यावर चढून माझा फोन पिशवीत घालून खिळ्याला अडकवला, नंबर लावला आणि खाली उतरलो. तीन पाठी आमच्याकडे वळल्या.

"सापडला गं टॉवर!" मी खालून ओरडलो.

वरून बायकोचा आवाज साऱ्या पारावर घुमला. "अहो, पुरे झाले ते टॉवर! किती वणवण कराल? मीच बोलले होते. योगाच्या वर्गात. शवासनात पडल्यावर जरा गप्पा होतात. चपलेच्या तळाचं सांगितलं, सगळ्या हसल्या, आणि त्यातली एक त्या मुलाची मावशी निघाली. लोणावळ्यातच सांगणार होते, पण तुम्ही कणीस खाताना इतके खुशीत होतात! वन्संना इतक्यात काही सांगू नका. मी माझ्या तोंडाने माफी मागेन."

कट्ट्यावर चढायचं विसरून मी खालूनच उड्या मारून पिशवी काढायला बघत होतो, पण खिळा उंच होता. समोर तीन पाठी गदगदा हलत होत्या. पाठी हसतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ताई माझ्याकडे वळली. "म्हंजी टावर तुज्याच घरात व्हता."

"ताई, मी फक्त बायकोला…"

"कुनाला बी सांगू नगंस म्हनलं, त्यात बायकू येत न्हाई व्हय रं?"

मला तोंड वर करवेना. आयुष्यभर ज्या कानांचा आणि तोंडाचा तोरा मिरवला, त्यातलं तोंडच फितूर निघालं होतं. मी वही उचलली आणि जायला निघालो. तेवढ्यात कट्ट्यावरची ती वडीलधारी मावशी, अजून डोंगराकडेच तोंड करून, म्हणाली:

"आमी काय ऐकलं न्हाई बरं का. पर भाऊ, एक सांगू? दिवाळीपास्नं ही रोज चार वाजता हितं येती. फोन खिळ्याला लावती आन् बसती. कुनाला करत न्हाई, कुनाचा येत न्हाई. इचारलं तर म्हनती, फोनला ऊन दावतीया."

"गप गं तू!" ताई ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला लाज वाटली, आणि ती अजूनही वाटते. तीन महिन्यांत मी मावळातले सगळे टॉवर तपासले, मक्याची व्हॅन झडतीला धरली, पण माझ्या बहिणीचा नंबर एकदाही फिरवला नाही. आणि ती रोज त्या खिळ्याखाली माझ्याच फोनची वाट बघत बसली होती.

घरी गेल्यावर तिने मागच्या दाराकडे बोट केलं. पोतं तिथेच होतं. दिवाळीतच भरलेलं, तोंड शिवलेलं, आणि वर माझ्या नावाची चिठ्ठी टाचलेली. "उंदरं लागाय लागलीत त्येला," ती म्हणाली. "घिऊन जा." माझ्या चहात तिने न विचारता नेहमीची दोन चमचे साखर घातली, म्हणजे मी पुन्हा भाऊ झालो होतो. मग पोतं स्कूटरवर पायांत घेऊन, गुडघे फाकवून, मी तळेगावपर्यंत आलो.

लग्नाचं म्हणाल, तर नात आणि तो मुलगा तळेगावच्या एकाच कारखान्यात कामाला आहेत. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आपसात सगळं ठरवूनही टाकलं होतं. आमची कोणी चौकशीच केली नव्हती. बायको वडगावला जाऊन माफी मागून आली आणि तिला तिथे आग्रहाने पुरणपोळी वाढण्यात आली. पोळी कशी होती ते तिने फक्त मला सांगितलं आहे. मी ते मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही.

आता रोज चार वाजता मी ताईला फोन लावतो. वही रद्दीत गेली. फोन लागला की आधी मी मोठ्याने विचारतो, "कट्ट्यावर कोणी ऐकत नाही ना?" आणि पलीकडून तीन आवाज एकदम येतात, "न्हाई!"