नलूताईंनी जोडलेला कॉम्प्युटर

नलूताई बोलता बोलता मध्येच हात वर करून "लेट!" म्हणायच्या. टेबल टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून पलीकडे पडला, तर तो पॉइंट धरत नाहीत, सर्व्हिस पुन्हा करतात. त्याला लेट म्हणतात. नलूताईंनी हा नियम सगळ्या संसाराला लावला होता. चहात साखर जास्त पडली, लेट. सोसायटीच्या सभेत माझ्याशी वाजलं, की दुसऱ्या दिवशी दारात हजर. "देवधर, कालचं लेट. आता परत बोला."

ठाकुर्लीच्या आमच्या इमारतीत त्या माझ्या समोरच्या घरात एकट्याच राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. खात्याच्या ठाण्याच्या ऑफिसात त्या आणि उत्तनची फिलोमिना ही टेबल टेनिसची दुहेरीतली जोडी होती. पुढे फिलोमिना मुलीकडे कॅनडात गेली, नलूताईंचे गुडघे गेले आणि बॅट कपाटात गेली.

मग एका सकाळी फिलोमिनाचा फोन आला. नातवाचा व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवून ती टेबल टेनिस खेळत होती म्हणे. खोलीत टेबल नाही, चेंडू नाही, पण डोळ्यांपुढे सगळं दिसतं, आणि जगात कुठेही बसलेला माणूस समोर उभा राहतो. "तू पण घे गो नलू. एकदा हरवतेच तुला." आयुष्यभर दोघी एकाच बाजूने खेळल्या होत्या, समोरासमोर कधीच नाही. अडचण एवढीच, की नातू महिन्याभरात शिकायला दुसऱ्या शहरात जाणार होता आणि हेडसेट घेऊन जाणार होता.

नलूताई तडक माझ्याकडे आल्या. सोसायटीचा खजिनदार म्हणून मी आकड्यांचा माणूस. माजिवड्यातलं एक गेम पार्लर बंद पडलं होतं, तिथून त्यांनी जुना हेडसेट सहा हजारांत उचलला होता. तो कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय चालत नव्हता. मी बेरीज मांडून सांगितलं, "ताई, कॉम्प्युटरशिवाय चालणारा नवा हेडसेट या सगळ्याहून स्वस्त पडेल."

"तो नको. वायरी जोडण्यात माझा जन्म गेलाय. विकत आणलं तर दुकानदाराचं, जोडलं तर आपलं. पन्नास हजार आहेत. बोला, बसतंय?"

बसवलं. खरं सांगतो, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. सगळ्यात महाग वस्तू ग्राफिक्स कार्ड. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र, तेही न अडखळता पुरवायचं, हे त्याचं काम. चित्र अडखळलं की माणसाला मळमळतं. तेव्हा पैसा तिथे घालायचा, रंगीत दिवे लावलेल्या खोक्यात नाही, हे आमचं ठरलं. कार्ड जुनं घ्यायला आम्ही कळव्याला एका तरुणाकडे गेलो. नलूताई म्हणाल्या, "तासभर चालवून दाखव."

तो हसला. "आज्जी, खेळणार कोण? नातू का?"

"मी. का रे, तुझ्याशी लावू एक गेम?"

त्याने मुकाट्याने तासभर चालवून दाखवलं, वर पाचशे कमी केले. जिन्यात नलूताई कुजबुजल्या, "एक-शून्य!"

बाकीचे भाग कल्याणहून आले. जोडणी त्यांनी एकटीने केली, मी फक्त टॉर्च धरला. बटण दाबताच पंखा फिरला, पडदा उजळला आणि आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. पण खेळ सुरू केला, की दहा मिनिटांत सगळं धाडकन बंद. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. आणि नातू निघायला दोनच दिवस उरले होते.

"लेट," नलूताई म्हणाल्या, पण या वेळी आवाज बारीक होता.

मी पडद्यावर तापमान लावून बसलो. खेळ सुरू होताच प्रोसेसरचा आकडा शंभरावर. नलूताईंनी त्याच्यावरच्या कूलरला बोट लावलं. "अहो, हा तर थंडगार!" प्रोसेसर पेटलेला आणि त्याची उष्णता ओढून घ्यायला चिकटवलेला कूलर गार, हे हिशेबात बसेना. मी डोकं खाजवत खोलीभर पाहिलं. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये. फ्रिजचं हँडल प्लास्टिकमध्ये. सोफ्याचं कव्हर अजून दुकानातलंच.

"ताई, कूलरच्या बुडाला एक पातळ प्लास्टिक असतं. ते काढलंत ना?"

"काढू कशाला? नवीन वस्तू आहे, ओरखडे पडतील."

मी एवढा हसलो की टॉर्च खाली पडला. त्याही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. प्लास्टिक सोललं, उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी नवी पेस्ट लावली, आणि तासभर खेळूनही आकडा सत्तरच्या वर गेला नाही.

शनिवारी सकाळी सामना झाला. तिकडे शुक्रवारची रात्र होती. नातू पहाटे निघणार होता. आमच्या पडद्यावर निळं टेबल दिसत होतं, पलीकडे अधांतरी एक डोकं आणि एक बॅट. "ही फिलूच कशावरून?" नलूताई पुटपुटल्या. तिसऱ्याच पॉइंटला पलीकडचा चेंडू टेबलाच्या कडेला लागून निसटला. तो पॉइंट नशिबाचा, म्हणून चांगला खेळाडू हात वर करून माफी मागतो. अधांतरी बॅट वर गेली आणि कपाळाला टेकली. नलूताई ओरडल्या, "तीच! तीच हो देवधर!"

दोन-दोन गेम झाले. पाचवा गेम दहा-दहा. इथून पुढे सलग दोन पॉइंट घेईल ती जिंकणार. मी सवयीने गुण लिहीत होतो. नलूताईंना अकरावा मिळाला. पुढचा चेंडू अलगद उंच आला आणि त्यांनी तो सरळ जाळीत मारला. मी चिडलो. "ताई, जिंकला होतात की!" मग फिलोमिनाकडे आघाडी गेली आणि तिची सर्व्हिस टेबलाबाहेर पडली. बारा-बारा. तेरा-तेरा. जिंकायला एक पॉइंट उरला, की दोघींचा हात हमखास चुकत होता.

मी पेन खाली ठेवलं.

पलीकडून नातू इंग्रजीत विनवत होता, की बॅग भरायची राहिली आहे, हेडसेट दे.

"थांब रे," फिलोमिना म्हणाली, "अजून कोन जिंकलाय?"

नलूताईंनी सर्व्हिस केली.