दुपारचं पाणी

धाकटा भाऊ गेल्यानंतर त्याच्या पत्र्याच्या पेटीत दोन वह्या निघाल्या. पहिली मला माहीत होती. चौकटीच्या कागदांची, वर त्याच्या गोल अक्षरात 'गावाभोवतीच्या वाटा' असं लिहिलेली. ते गाव आमचं नव्हे. हिमाचलच्या पार वरच्या टोकाला, झाडं संपतात त्याच्याही वर, तीस-चाळीस घरांचं ते गाव. तिथून समोरच्या बर्फाच्या शिखरावर जायच्या तीन वाटा त्यानं वहीत काढल्या होत्या. दुसऱ्या वाटेच्या पानावर मधेच एक ओळ माझ्या हातची आहे: 'इथे ओढा. सकाळी घोट्याएवढं पाणी. परतताना आणखी कमी होईल.'

चाळीस वर्षं झाली, अजून ही ओळ मला वाचवत नाही.

दुष्काळाच्या वर्षी भाऊ सतरा वर्षांचा होता. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा, कळंबच्या शाळेत नुकताच मास्तर झालेलो. आमच्या गावातल्या विहिरी तळाला गेल्या, तेव्हा गाळ काढायला माणसं दोरावरून खाली सोडू लागले. एरवी ज्या विहिरीच्या काठावर आमच्या घरच्यांना घागर टेकू देत नसत, तिच्या तळाशी माझा भाऊ दिवसभर उभा असायचा. संध्याकाळी दोर सोडून, दगडांच्या सापटीत बोटं घालत भिंतीवरून वर यायचा. काठावरचे शिव्या द्यायचे, आणि बघत थांबायचेही. घरी मला म्हणायचा, "खाली जाण्यात काय न्हाय, दादा. वर येताना भिंत कळती."

पुढं गावोगाव दूध संस्था निघाल्या. आमच्या गावच्या संस्थेत तो दुधाची फॅट तपासायला लागला. तिथल्या वर्तमानपत्रात गिर्यारोहणाच्या शिबिराची जाहिरात बघून त्यानं अर्ज केला आणि महिनाभर हिमालयात शिकून आला. प्रमाणपत्र भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली लावलं. ते गाव त्याला शिबिरातच कुणीतरी सांगितलं होतं. तिथल्या शिखराशिवाय त्याला दुसरं काही सुचेना. वर्षभरानं त्यानं पुन्हा सुट्टी मागितली, तेव्हा संस्थेच्या कचेरीत मी सोबत होतो.

"डोंगर चढायला पंधरा दिवस?" चेअरमन म्हणाले. "येडशीच्या घाटात जाऊन ये की रविवारी."

"तिथं बरफ न्हाय, साहेब."

"बरफ पायजे तर चिलिंग सेंटरात बस. पगारी बस."

सगळे हसले. चेअरमनही हसले आणि त्यांनी सही केली. कागद परत देताना मात्र म्हणाले, "ही शेवटची हां. पुन्यांदा मागायची न्हाय."

मला उन्हाळ्याची सुट्टी होती. ओझं न्यायला घरचा माणूस बरा, म्हणून त्यानं मला बरोबर घेतलं. शिखर त्याचं होतं. मी शिखराखालच्या तंबूपर्यंतच जाणार होतो.

गावात एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी उतरलो. सपाट छतांची मातीची घरं, छतावर गवताच्या पेंढ्या, वर टेकाडाला बौद्ध मठ. मठात भावानं हात जोडून त्रिशरण म्हटलं. म्हातारीला ते शब्द ओळखीचे वाटले, आणि ती त्याला खारट चहा पाजत सुटली. तो तीन वाट्या प्यायला आणि चौथी त्यानं हळूच माझ्याकडं सरकवली. "घ्या दादा, आपल्याच माणसाचाय."

वाटा तीन होत्या. पहिली मठामागून धारेनं जाणारी, तिला तीन दिवस जास्त लागत. तिसरी दरीत बरीच खाली उतरून लाकडी पुलावरून पलीकडं जाणारी, तिला अर्धा दिवस जास्त. दुसरी सरळ होती. गावाखालचा ओढा ओलांडायचा, समोरची घसरड्या खडीची चढण चढायची, वर माळावर तंबू टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी शिखर.

सकाळी लवकर आम्ही ओढ्यावर गेलो. पाणी घोट्यालाही पुरतं लागत नव्हतं.

"पुलावरून जाऊ या का, दादा?" भाऊ म्हणाला.

"अर्धा दिवस वाया जाईल."

"सगळं सामान एकदमच न्यावं म्हणत होतो."

"दोन खेपा करू. आज दोर आणि हत्यारं पलीकडं ठेवू, वरची वाट बघून येऊ. तंबू आणि शिधा उद्या. ऊन चढलं की हे पाणी अजून आटेल."

"बरं," तो म्हणाला.

मी वही मागून घेतली आणि काठावर उभ्यानं ती ओळ लिहिली.

असं मला का वाटलं, ते आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. मांजरा नदीच्या कोरड्या पात्रात आम्ही वाळू उकरून झिरे काढायचो. पहाटे त्यात पाणी साचलेलं असायचं, वाटीनं घागरीत भरायचं. दिवस वर आला की झिरा कोरडा. उन्हानं पाणी जातं, हे मला अक्षरं यायच्या आधीपासून ठाऊक होतं. आणि ज्या शाळेत मी नोकरी करत होतो, तिथं दरसाल आठवीच्या वर्गाला उतरवून देत होतो की हिमालयातल्या नद्या बारमाही असतात, कारण उन्हाळ्यात तिथला बर्फ वितळतो. ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात शेजारीशेजारी राहत होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती.

दुपारी आम्ही वाट बघून उतरलो, तर ओढा दिसायच्या आधी ऐकू आला. आत धोंडे गडगडत होते. पाणी राखाडी, कमरेच्या वर. मला खरं वाटेना. मी दोन पावलं आत घातली आणि पाय सुटले. भावानं मानगूट धरून ओढून काढलं. पलीकडच्या काठावर आमचा म्हातारा हात हलवून पुलाकडं दाखवत होता, त्याचा शब्दही पोचत नव्हता.

"पुलापर्यंत अंधार पडंल," भाऊ म्हणाला. "अंधारात ह्या खडीतनं नको."

त्यानं आपले कोरडे मोजे आणि बूट मला चढवले. माझे भिजलेले स्वतःच्या पायात घातले. मी नको म्हणालो, तर म्हणाला, "गप बसा की. तुमाला सवय न्हाय." ती रात्र आम्ही एका धोंड्याच्या आडोशाला पाठीला पाठ लावून काढली. उजाडलं तेव्हा ओढा परत घोट्याएवढा झाला होता. पाच मिनिटांत ओलांडला.

त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं आधी पांढरी होती, मग काळी पडत गेली. खालच्या दवाखान्यातल्या माणसानं सांगितलं, हा पाय आता बर्फात घालायचा नाही. बोटं वाचली, पण सुट्टी त्यातच गेली. उरलेले चार दिवस आम्ही म्हाताऱ्याच्या छतावर बसून होतो. हवा चारही दिवस स्वच्छ होती. शिखर समोर इतकं उघडं, की त्यावरची वाट बोटानं दाखवता यावी. भाऊ वहीत रेघा ओढत बसायचा. चाललेली वाट सलग रेघेनं, न चाललेली तुटक.

घरी आल्यावर त्यानं या सगळ्याचा विनोद केला. पाहुणे आले की सुरू व्हायचा, "आमच्या सरांनी वढा उन्हात वाळत घातला. त्यो काय वाळंना." सगळे हसायचे. मीही हसायचो. सुट्टी त्यानं पुन्हा मागितली नाही. मग संस्था बंद पडली, मग शेत, मुलं, गुडघे. आम्ही दोघंच असताना मात्र तो एका शब्दानं काही बोलला नाही. मी विषय काढला, तर म्हणायचा, "जाऊ द्या की, दादा."

आता दुसऱ्या वहीबद्दल. ती मी आधी कधी पाहिली नव्हती. ती शिबिरातली होती, आम्ही जाण्याच्या वर्षभर आधीची. दोरांच्या गाठी, बुटांची निगा, असं सगळं उतरवून घेतलेलं. मधल्या एका पानावर त्याच्या गोल अक्षरात आहे: 'बर्फाचे ओढे पहाटे ओलांडणे. ऊन चढल्यावर पाणी वाढते. पूल असल्यास पुलानेच जाणे.' खाली दोन रेघा मारलेल्या.

त्याला माहीत होतं. काठावर उभं राहून तो मला पुलाचं विचारत होता, तेव्हाही माहीत होतं. पण मी थोरला, त्यात मास्तर, त्यात भूगोलाचा. मोठ्या भावाचं खोडायचं नाही, हे आमच्या घरात चांगलं वळण समजायचे. मीही समजायचो, तो 'बरं' म्हणाला की मला छान वाटायचं. एका सुट्टीवर त्याचं सगळं टांगलेलं होतं आणि त्यानं ती माझ्या मानासाठी ओढ्यात सोडून दिली. इतकी वर्षं मला माझाच राग यायचा. आता त्याचाही येतो, आणि तो कुणावर काढावा कळत नाही.

परवा पेन घेऊन बसलो, म्हटलं निदान ती ओळ तरी खोडावी. पहिल्या वहीतलं ते पान उघडलं. पेन्सिलीच्या रेघा त्यानं पुढं कधीतरी शाईनं गिरवल्या होत्या, ओढ्याच्या वरची तुटक रेघसुद्धा, थेट शिखरापर्यंत. बाकीच्या वाटांवरची चुकलेली अंतरं खोडून नीट केली होती. माझी ओळ तेवढी होती तशी ठेवली होती. त्यानं ती एकदा जोरात खोडली असती, तर मला बरं वाटलं असतं.